बापाच्या मागे लागलेला 'द'

"...पण शाळा तर तीच ना, बुवा? मुलगा शिकायला जातो तेव्हा 'गोज टू स्कूल'. मध्ये काही नाही. बाप फी भरायला जातो तेव्हा मात्र 'गोज टू द स्कूल'. शाळा तीच, रस्ता तोच. मग हा 'द' बापाच्याच मागे का लागतो?"

मास्तरबुवा गवार मोडत होते. त्यांनी एक शेंग मोडली, तिची शीर ओढून काढली.

"बापाच्या मागे काय काय लागतं," ते म्हणाले. "त्यात आणखी एक."

हेरंब हसला नाही. हसायला तो आला नव्हता.

बुवांनी उभा जन्म तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते टेकडीवरच्या या मठात येऊन राहिले होते. गळ्यात माळ आली तरी अंगातला मास्तर काही गेला नाही, म्हणून लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. हेरंब त्यांचा जुना विद्यार्थी. व्याकरणात हुशार, असं तो स्वतःच सांगत असे. लग्नानंतरच्या देवदर्शनाला बायकोला घेऊन निघाला होता, आणि वाटेत जीप थांबवून टेकडी चढून आला होता. देवाला काय मागायचं ते नंतर बघू, आधी हे विचारून घ्यावं.

कारण उद्या त्याला एका निवासी शाळेत नमुना पाठ द्यायचा होता. विषय आर्टिकल्स. कुठे 'अ', कुठे 'अ‍ॅन', कुठे 'द' आणि कुठे काहीच नाही. पाठ पसंत पडला तर कायमची नोकरी. नाही तर हातातली हंगामी नोकरी उन्हाळ्यात संपतच होती... आणि सासऱ्यांना तर 'कायम झाल्यातच जमा' असं सांगून ठेवलेलं.

मागे अशीच एक नोकरी हातची गेली होती. तेही त्याने बुवांना सांगितलं. फळ्यावर त्याने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'द डॉग इज बार्किंग.' पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, कुठला डॉग? त्याने नियम सांगितला. ती म्हणाली, हो सर, पण कुठला? वर्ग हसला. मागे बसलेले परीक्षकही हसले, आणि तिथेच सगळं आटोपलं.

"नियम सांगताना चुकलास का?"

"नाही हो. माझा नियम चुकत नाही."

आणि त्याने सगळे नियम म्हणूनच दाखवले. कुठलीही वस्तू चालत असली की 'अ'. पुढे स्वराचा उच्चार आला की 'अ‍ॅन'. अमुक एकच वस्तू मनात असली की 'द'...

"कुणाच्या मनात?"

"बोलणाऱ्याच्या. आणखी कुणाच्या?"

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

हेरंब पुढे गेला. सूर्यचंद्राला 'द', नद्यांना 'द'. माणसांच्या नावांना, गावांच्या नावांना, दुधातुपाला, प्रेमाबिमाला काही नाही. आरती म्हणावी तसं, मध्ये श्वास न घेता.

"मग सांगा बुवा, पोरं का हसली?"

...

बुवांनी गवारीची टोपली बाजूला सारली आणि दाराबाहेर पाहिलं.

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही." हेरंबने मान वळवली. "म्हणजे... ही आहे."

'कोणी नाही' आणि 'ही' यांच्या मधे जणू एखादी जागा असावी, तसे बुवा थोडा वेळ तिकडेच बघत राहिले.

बाहेर हौदाशी गोदाक्का ताटं विसळत होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे. हेरंबची बायको त्यांच्या जोडीला बसली होती, पाठमोरी, हिरवा चुडा कोपरापर्यंत सारून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवी नवरी कुठेही नेऊन बसवा, काम तिला हुडकत येतं.

"जेवायची वेळ झाली," बुवा म्हणाले. "हाक मार तिला."

हेरंबला बरं वाटलं. निदान एवढं तरी सोपं होतं.

"ऋजुता."

ती ताट विसळत राहिली.

"ऋजुताऽ..."

झाडावरचा होला उडाला. गोदाक्कांनी वर पाहिलं. तिने नाही.

हेरंब ओशाळला. घरीही असंच व्हायचं. सून गुणाची आहे, पण तिला ऐकायला जरा कमी येतं, असं आई म्हणायची. त्याने आवाज खाली आणून तेच बुवांच्या कानावर घातलं.

तेवढ्यात गोदाक्का नुसत्या पुटपुटल्या, "वत्सला, तुला बोलावतायत वाटतं."

ती झटकन उठली. हात पदराला पुसत दाराशी आली.

"मला हाक मारलीत?"

...

"वत्सला कोण?" बुवांनी हेरंबला विचारलं.

ते हिचं माहेरचं नाव, हेरंबने सांगितलं. आजीचं ठेवलेलं, जुनाट. लग्नात आपण बदललं. नवं नाव आपणच शोधलं, अर्थासकट, ऋजुता म्हणजे सरळपणा. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं, भर मांडवात. आता आईला, बहिणीला, शेजारपाजाऱ्यांना, सगळ्यांना तेच ठाऊक आहे.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"हिला?"

"हिला तर आधी..."

हेरंब थांबला. मांडव आठवला, टाळ्या आठवल्या. तांदळातलं आपलं वळणदार अक्षर आठवलं. त्या वेळचा हिचा चेहरा काही आठवेना.

"मी वाचायला बघितलं होतं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, हवापाण्याचं बोलावं तशी बोलली. "पण ताट तुमच्याकडं तोंड करून होतं. मला उलटं दिसलं. नीट लागेपर्यंत टाळ्या झाल्या, आणि तांदूळ गोळा केले."

गोदाक्कांनी पदर तोंडाला लावला.

बुवांनी उठून स्वतःच पाट मांडले.

हेरंबला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण सुरुवात कुठल्या नावाने करावी ते कळेना. शेवटी नुसतंच म्हणाला, "बस ना."

ती बसली.

गोदाक्कांनी भात वाढला, वर आमटी घातली. हेरंबचा हात तसाच राहिला. आपण विचारायला आलो काय, आणि चाललंय काय. मुलीचा डॉग, बापाचा 'द', हिचं नाव, सगळं एकमेकांत कालवल्यासारखं झालं होतं. आणि कसं कोण जाणे, सगळीकडे चूक त्याचीच असावी असं वाटत होतं. कुठली, ते मात्र सापडत नव्हतं.

"बुवा, मी येताना बरा होतो," तो म्हणाला. "निदान नियम तरी जागच्या जागी होते. आता तेही डोक्यातून हललेत. उद्या त्या वर्गात उभा राहून मी शिकवू काय?"

बुवांनी घास घेतला. सावकाश चावला.

"काय शिकवायचं ते तुला पाठ आहे," ते म्हणाले. "ताट तेवढं फिरव."