बुजवलेली खिंड

त्या मुलखात वारा डोंगरावरून यायचा आणि पलीकडच्या उतारावरच्या घरट्यांची दाणादाण उडवायचा. उद्याचा वारा आजच कळावा म्हणून पाखरांनी पठारावर मातीचा हुबेहूब तसाच छोटा डोंगर केला, त्यावर चौकटी आखल्या आणि चौकटीगणिक एक पाखरू बसवलं. पद्धत साधी. शेजाऱ्याने सांगितलेला वाऱ्याचा आकडा ऐकायचा, आपल्या चौकटीतला चढउतार पाहायचा आणि आपला आकडा पुढे सांगायचा. असे आकडे डोंगर ओलांडून गेले की उद्याचा वारा कळायचा. या सगळ्यावर बगळेअण्णांची देखरेख असे.

तानू साळुंकीच्या चौकटीत खिंड होती. अरुंद, दोन्हीकडे सरळ कडे. खऱ्या डोंगरातल्या त्याच खिंडीत तिची धाकटी बहीण बयो राहायची, पदरात चार पिल्लं.

एके दिवशी आकडे बिथरले. तानूकडे सात आला. खिंड बघून तिने सत्तर सांगितला, पुढच्या होल्याने सातशे, आणि शेवटच्या चौकटीतल्या कोतवाल पाखरापर्यंत पोचेतो आकडाच उरला नाही. तो नुसता किंचाळत सुटला. लांबट, चिरकी किंचाळी, थांबता थांबेना.

"हे काय आरंभलंयस, तानू?" अण्णा खेकसले. "तुझ्या त्या खिंडीपायी सगळं गणित नासलं. बुजव ती!"

"पण अण्णा, खिंड आहे ना तिथे."

"डोंगरात असू दे की! इथे कशाला हवी?"

चारचौघांत बोलणी बसली, तानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पंख ओला केला आणि खिंडीवरून दोनदा फिरवला. मग आकडे कसे शहाण्यासारखे चालले. सात, सहा, पाच. उद्या मंद झुळूक! अण्णांनी मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर तानूला बरं वाटलं.

संध्याकाळी बयो आली. "ताई, कड्यांत सकाळपासून कसलीशी घुमघुम चाललीय गं. पिल्लांना घेऊन तुझ्याकडे येऊ का?"

"वेडी की काय! उद्या पाच आहे. मी स्वतः आकडा सांगितलाय."

बयोचा जीव भांड्यात पडला. ताई म्हणाली म्हणजे झालं, असं म्हणत ती घरी गेली.

सकाळी उतारावर खरोखरच झुळूक होती. जो तो अण्णांचं कौतुक करत होता. तेवढ्यात खिंडीकडून एक किंचाळी आली आणि मध्येच तुटली. तानू जिवाच्या आकांताने उडत गेली, तर कपारीत घरट्याची काडीसुद्धा नव्हती.

ती किंचाळी तिने आदल्या दिवशीही ऐकली होती. तेव्हा तिला ती कोतवालाची वाटली होती.

दुपारी ती आपल्या चौकटीत आली. तिने चोचीने माती उकरली, खिंड होती तेवढी खोल केली आणि आत जाऊन बसली.

"तानू, बाहेर ये," अण्णा म्हणाले. ती हलली नाही. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पंख ओला केला आणि खिंडीवरून दोनदा फिरवला.

नेमाप्रमाणे आकडे सुरू झाले. तानूच्या चौकटीपाशी सात आला. मातीखालून बारीक आवाज आला, "सत्तर."

होल्याने तो नीट ऐकला. त्याने अण्णांकडे पाहिलं आणि पुढे सांगितलं, "सहा."