फळीवरचा तापट डबा

भांडी बोलायची, पण माणसांना नुसता त्यांचा खडखडाट ऐकू यायचा, तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या वसतिगृहात हेरंबच्या खोलीत, फळीवर, स्टीलचा एक तापट डबा होता. हेरंब घरून निघताना आईने त्यात लाडू भरले होते आणि तळाशी कापडात बांधलेली नोटांची जाड पुरचुंडी ठेवली होती. चार महिने ब्लाऊज शिवून साठवलेले ते पैसे फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या फीसाठी होते.

लाडू पहिल्याच संध्याकाळी पोरांनी फस्त केले. डब्याने ते चालवून घेतलं. पण पुढच्याच आठवड्यात हेरंबचा हात पुरचुंडीकडे गेला. आधी बिर्याणीसाठी, मग बुटांसाठी, मग कुणाच्या तरी वाढदिवसासाठी. शेवटी कापडही बूट पुसायला गेलं.

"हात काढ, मेल्या!" डबा दर वेळी ओरडायचा. "फेब्रुवारी यायचा राहणार आहे का?"

"फारच वाजतो हा," म्हणत हेरंब झाकण दाबून बसवायचा.

फेब्रुवारी आला. आईचा फोन आला.

"फीचे पैसे आहेत ना रे जागेवर?"

"आहेत ना, डब्यातच आहेत."

डब्याचं डोकंच फिरलं. त्याने फळीवरून धाडकन फरशीवर उडी घेतली. "खोटारडा!" तो खोलीभर घणघणला. "खोटारडा!"

हेरंबला नुसता खडखडाट ऐकू आला. आईलाही तेवढाच. पण तिने बांधलेली पुरचुंडी आत असती, तर डबा असा रिकामा वाजला नसता, हे तिने ओळखलं. थोड्या वेळाने फोनमधून शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.