मुंग्यांच्या घरची निळी

"पण घाबरायचं कशाला, आक्का?"

गावावरच्या कातळी सड्यावर, मठीत एकट्या राहणाऱ्या आक्कांकडे रेवती सासूने दिलेला शिधा घेऊन आली होती. नवी सून. नणंद खाली पायऱ्यांवर बसली होती, सोबत म्हणून.

"नर्सिंगला नंबर लागलाय. सांगलीला राहावं लागेल. आज रात्री जेवताना सगळ्यांना सांगून टाकते."

"चालेल त्यांना?"

"जीव टाकतात हो माझ्यावर. माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय मामंजींची सकाळ होत नाही. सासूबाई आपल्या वाटणीची साय मला वाढतात."

आक्का उठल्या.

"चल."

मठीमागे गवतात वारूळ होतं. तांदळाच्या दाण्याएवढी एक अळी मुंग्या उचलून आत नेत होत्या.

"खातील तिला."

"नाही. तिच्या पाठीवर गोड थेंब येतो, तो चाटतात. आत नेऊन भरवतात, राखतात. तिथेच ती कोश करते."

"बघा. म्हणजे माझ्यासारखंच."

"हं…"

तेवढ्यात त्याच भोकातून एक फुलपाखरू बाहेर आलं. चालत, घाईने. चुरगळलेले निळे पंख, ओले. मागोमाग मुंग्या. एकीने त्याचा पाय धरला.

रेवतीने हात पुढे केला. आक्कांनी तिचं मनगट धरलं. घट्ट.

"ओले आहेत. हाताने फाटतील."

फुलपाखरू मुंगीसकट काडीवर चढलं. पाय तुटला, मुंगी खाली पडली. ते टोकाला जाऊन लटकलं… गप्प.

"याच ना, आक्का? ज्यांनी भरवलं?"

"याच."

"मग आता काय झालं?"

"आता थेंब येत नाही."

रेवती खाली वाकली. वारुळाच्या तोंडाशी निळ्या पाकळ्या पडल्या होत्या. तिने एक उचलली. बोटाला निळी पूड लागली. पाकळीला अशी पूड नसते, हे तिला जरा उशिराच सुचलं.

"या सड्याशिवाय कुठे दिसत नाही ही जात," आक्का म्हणाल्या. "इथेही मोजकीच उडतात."

"वहिनी, झालं का गं?" खालून नणंदेची हाक आली. अगदी मायेची. "आई जेवायची थांबली असेल तुझ्यासाठी."

रेवतीने हातातला निळा पंख आक्कांपुढे धरला.

"आक्का… ही का नाही वाचली?"

आक्कांनी तिच्या बोटावरचा निळा रंग पदराने पुसला. नखाच्या कडेचासुद्धा.

"सांगत बसली असेल."