शेवटच्या पानावरची बासुंदी

महाराजांनी गरीब शेतकऱ्यांसाठी कालवा खणवला आणि त्याचा लाभ किती जणांना झाला ते पाहायला दिवाण विसाजीपंतांना धाडलं. पंत कालव्याच्या तोंडाशीच घोड्यावरून उतरले. तिथला हिरवागार ऊस पाहून खूश झाले आणि म्हणाले, "पाणी सगळ्यांना पोचलंय. काम फत्ते! महाराजांना तसंच सांगतो."

गावातली भिवराक्का लगबगीनं पुढं झाली. तिचं वावर कालव्याच्या शेपटाला होतं आणि तिथली ज्वारी पाण्यावाचून करपत होती.

"साहेब, तेवढं खाली येऊन बघा की!"

"शितावरून भाताची परीक्षा होते, बाई," म्हणत पंतांनी तिला उडवून लावलं.

दिवाणांसाठीच्या गावजेवणाचा स्वयंपाक भिवराक्काकडेच होता. तिनं पंतांना मोठ्या मानानं पंगतीच्या पार टोकाला, आंब्याच्या सावलीत बसवलं. चुलीपासून वाढायला सुरुवात झाली. "हात आखडू नका," असं तिनं वाढप्यांना बजावलंच होतं. बासुंदी अर्ध्या पंगतीतच संपली.

"अहो, माझा द्रोण कोरडाच!" पंत कडाडले.

"असं कसं होईल?" भिवराक्का पदर सावरत म्हणाली. "मी चुलीपाशी उभी राहून बघितलं. सगळ्यांचे द्रोण काठोकाठ भरलेत."

"तिथून काय दिसणार? इथं शेवटाला येऊन बघ!"

"सकाळपास्नं मी दुसरं काय सांगतेय, साहेब?"

पंगत खो खो हसली. पंतही हसले आणि तसेच उठून तिच्या वावराकडे चालू लागले.

पुढं कुठल्याही गावी गेले की पंत आधी विचारत, "इथलं शेवटचं शेत कुणाचं?" जेवायला मात्र ते कायम चुलीजवळच बसत.