तांबडवाडीच्या इठू वस्तादाच्या भाच्याचा डावा गुडघा

फार फार वर्षांपूर्वी, आजच्या म्हाताऱ्यांचे आजेही जेव्हा रांगत होते, तेव्हा तांबडवाडीत इठू वस्ताद नावाचा माणूस होता. तो चालू लागला की अंगणातल्या घागरी हलायच्या, असं म्हणतात. घागरींचं सोडा, पण माणूस दांडगा होता एवढं नक्की.

त्याच्या तालमीचा एक नियम होता. शिकवायचं ते फक्त घरच्यांना. परक्याला डाव दिला की तो उद्या कुठं जाईल याचा भरवसा नाही, असं त्याचं मत. त्यामुळे कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायचे ते मुलगा, पुतणे, फार तर एखादा मेहुणा. रोज आधी कुदळीनं हौदाची माती उकरायची आणि मगच ती अंगाला लावायची.

तांबडवाडी आणि शेजारची करंजोशी या दोन गावांत ओढा एकच. उन्हाळ्यात त्याचं पाणी कसंबसं एका गावाला पुरायचं. म्हणून चैत्रातल्या जत्रेत दोन्ही गावांची कुस्ती लागायची. ज्याचा मल्ल जिंकेल त्या गावाला उन्हाळाभर पाणी, आणि हरलेल्या गावच्या बायकांनी डोंगरापलीकडून घागरी आणायच्या. वस्तादामुळे तांबडवाडी कधी हरली नव्हती.

वस्तादाची बहीण हौसाक्का करंजोशीला दिलेली. तिचा नवरा लवकर गेला. एके दिवशी ती लेकाला, खंडूला, घेऊन माहेरी आली.

"दादा, आमच्याकडं तालीम न्हाई. तुझ्या मातीत लोळू दे याला."

गावानं नाकं मुरडली. उद्या हा आपल्यावरच उलटेल, असं पाटील तोंडावर बोलला. वस्ताद म्हणाला, "भाचा घरचा न्हाई तर मग घरचा कोण?" झालं, खंडू हौदात उतरला.

वस्तादाचा मुलगा शिदू आणि खंडू एका ताटात जेवले, एका घोंगडीत झोपले. एकदा शिदूनं टाकलेल्या डावात खंडूचा डावा गुडघा मुरगळला. तो हिवाळाभर सुजलेला होता. शिदू रोज कढत तेल घेऊन बसायचा आणि गुडघा चोळायचा. तेव्हा वस्तादानं तालमीला दुसरा नियम घालून दिला, "घरच्याचं दुखणं धरायचं न्हाई." गुडघा बरा झाला, पण पुरता नाही. हे त्या तिघांनाच ठाऊक होतं.

पोरं मोठी झाली. खंडू आईकडे आपल्या गावी गेला, आणि पुढच्या चैत्रात व्हायचं तेच झालं. करंजोशीनं खंडूला उभा केला, तांबडवाडीनं शिदूला. एका वस्तादाचे दोन पठ्ठे एकमेकांशी लढत नाहीत, पण तहानेपुढे रीत कोण बघतो?

गाव वस्तादाच्या दारात आलं. पाटील म्हणाला, "वस्ताद, भाच्याला तुमी शिकवलंसा. आता त्याची तोडबी तुमीच द्या. न्हाईतर आमच्या बायका डोंगर चढतील, आन् तुमच्या नावानं बोटं मोडतील."

वस्तादाला ती रात्र फार जड गेली. मुलगा हरला तर गाव कोरडं, भाचा हरला तर बहीण डोक्यावर घागर घेऊन डोंगर चढणार. सकाळी शिदू लंगोट कसत असताना तो हळूच म्हणाला, "त्याचा डावा गुडघा धर." शिदूनं वर पाहिलं. मग लंगोटाची गाठ आवळली.

हलगी कडाडली. दोघांनी सलामी दिली आणि एकमेकांना भिडले. याचा डाव त्याला ठाऊक, त्याची तोड याला ठाऊक. दुपार झाली, कोणी कोणाला हटेना. मग एकदा खंडूचा पाय घसरला आणि डावा गुडघा शिदूच्या हाताखाली आला. वस्ताद काठावर पुढं सरकला. शिदूचा हात गुडघ्यावर गेला, क्षणभर थांबला आणि निघाला. वस्तादानं मान खाली घातली. आपण मोडलेला नियम पोरानं पाळला, हे त्याला तिथंच कळलं. त्याला लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

कुस्ती चालूच राहिली. कुस्ती संपेपर्यंत सूर्य मावळायला तयार नव्हता, असं म्हणतात. दोघांच्या पायांनी हौद खणला जाऊ लागला. गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला, मग लोकांना नुसती डोकी दिसू लागली. माती ओली झाली, तिचा चिखल झाला, आणि एकाएकी दोघांच्या पायांखालून पाण्याचा झरा उसळला. दोन्ही गावं भांडण विसरून घागरी आणायला पळाली.

वस्ताद मात्र त्या पाण्यात उतरला आणि भाच्यासमोर उभा राहिला.

"खंडू, तुझा गुडघा म्याच सांगितला हुता."

"ठावं हाय, मामा. त्याचा हात लागला तवाच कळलं."

"मग घाबरला न्हाईस?"

"घाबरतोय कशाला? तेल लावणारा हात हुता त्यो."

काठावर उभी असलेली हौसाक्का रडू लागली. वस्तादानं डोक्यावरचा फेटा काढून शिदूच्या डोक्याला बांधला. त्यानंतर त्याला कुणी वस्ताद म्हटलं की तो मुलाकडे बोट दाखवायचा.

झरा आटलेला कुणी पाहिला नाही, असं म्हणतात. हौद बाजूला नवा केला आहे. तिथं जत्रेत आजही कुस्तीआधी दोन्ही मल्ल एकमेकांना आपलं दुखणं सांगतात. ज्याला काहीच दुखत नाही तोही म्हणतो, "डावा गुडघा." समोरचा वाकून त्या गुडघ्याला माती लावतो, आणि मग तो कुणी धरत नाही. लांबून आलेला एखादा मल्ल धरतोही. पंच त्याला अडवत नाहीत. फक्त हलगी वाजायची थांबते, आणि तो आपणहून हात काढून घेतो.