मामाने अर्धाच ऐकलेला चंद्र

माळरानाच्या कडेला एका गावात एक मामा राहत होता. मनाने लोण्यासारखा, पण कान भारी उतावळे! समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की हा म्हणायचा, "कळलं, कळलं!"

त्याच्या एकुलत्या एका भाचीचं लग्न ठरलं. मुहूर्त वद्य अष्टमीचा, दुपारच्या आतला. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. लग्नाचं गाव माळापलीकडे, मावळतीला. म्हणून मामा आदल्या दिवशीच निघाला आणि वाटेत एका धनगरीण आजीच्या मेंढवाड्यापाशी मुक्कामाला थांबला.

ऊन टाळायला तो पहाटेच उठला. आभाळात अर्धा चंद्र होता.

"आजी, अंधारात मावळत कशी ओळखायची?"

"सोपं हाय, बाबा. चंद्राची उजळ बाजू मावळतीकडं असती, पण..."

"कळलं, कळलं!" म्हणत मामा चालूही लागला. आजी मागून हाका मारत राहिली, पण ऐकतो कोण?

उजळ बाजू धरून मामा झपझप चालला. बऱ्याच वेळाने तांबडं फुटलं, ते नेमकं त्याच्या नाकासमोर! तो उगवतीला आला होता. "आता पोरीला बोहल्यावर कोण नेणार?" त्याला रडूच कोसळलं. तसाच तो धावत आजीकडे परतला.

आजी हसली. "'पण'च्या म्होरं ऐकायचं व्हतं. पुनवेपातुर उजळ बाजू मावळतीला, पुनव सरली की उगवतीला. आता वर बघ. आजचा चंद्र दुपारी मावळतो. त्याच्या मागं मागं जा, दिशा चुकायची न्हाई. त्यो मावळतीच्या डोंगरापासनं हातभर वर हाय तवर मुहूर्तबी टळायचा न्हाई."

"कळ..." मामाने जीभ चावली. "आजी, आणखी काही राहिलं का?"

"राहिलं की! सकाळी पागोटं हितंच इसरून गेलास."

पागोटं बांधून मामा निघाला. निळ्या आभाळात फिकट चंद्र पुढे, मामा मागे. चंद्र डोंगरापासून हातभर वर असतानाच तो मांडवात शिरला.

भाची दारातच उभी होती, डोळे भरलेले. "मामा, मला वाटलं..."

मामाला वाटलं, म्हणावं, 'कळलं, मी येत नाही असंच वाटलं ना?' पण त्याने तिचं वाक्य पुरं होऊ दिलं.

"सगळे म्हणत होते, मामा काही वेळेवर येत नाही. पण मला वाटलं, तू येशीलच."

मामाने डोळे पुसले आणि तिचा हात धरून तिला बोहल्याकडे नेलं.

तात्पर्य: आभाळातला अर्धा चंद्रही पुरी वाट दाखवतो, पण अर्धं ऐकलेलं वाक्य माणसाला रानोमाळ फिरवतं.