खो मिळेपर्यंत बसलेला माणूस

एका मागांच्या गावात एक भोळा मदतनीस होता. भोळा हा माझ्या आईचा शब्द. गाव दुसरंच काहीतरी म्हणतं, ते इथे नको. तो मदतनीस मीच. नाव गुंडाप्पा.

आमच्या गावात घरोघरी यंत्रमाग. मागावर काम करायला ओडिशा-बिहारकडून माणसं येतात, आणि त्यांच्या मुली दिवसभर खोलीत बसून धाकटी भावंडं सांभाळतात. हौसाताईंना ते बघवेना. हौसाताई एके काळी खो-खोत जिल्हाभर गाजलेल्या. त्यांनी या मुलींसाठी रोज सकाळी पटांगणावर व्यायाम, खो-खो आणि पौष्टिक खाऊ सुरू केला. मदतीला कुणी मिळेना, म्हणून मला घेतलं.

पहिल्याच दिवशी ताईंनी मुलींना नियम सांगितला. "चौकोनात बसलं की खो मिळाल्याशिवाय उठायचं न्हाई. खो मागनं मिळतो. पाठीवर थाप आन् तोंडानं खो. फुडनं कुणी हात लावला तर त्यो खो न्हाई."

मुलींच्या आधी ते माझ्या डोक्यात बसलं. माझ्या डोक्यात सहसा काही बसत नाही, पण बसलं की निघत नाही.

मुलींत सगळ्यात चपळ सुबासिनी. पण तिचे वडील प्रधानभाऊ राजी नव्हते. "लड़की मैदान में दौड़ेगी, लोग देखेंगे," म्हणायचे. ताईंनी त्यांच्या फार विनवण्या केल्या. शेवटी ते म्हणाले, "एक बार आके देखूँगा. नहीं जमा तो बंद." झालं, पोरीचा सगळा खेळ त्या एका बघण्यावर टांगला गेला. ती मला रोज विचारायची, "काका, बाबा आए क्या?"

एकदा ताई म्हणाल्या, "गुंडू, पोरी आल्या की गूळ-शेंगदाणे वाट."

पोरी आल्या. मी वाटले. चांगले ओंजळ भरभरून वाटले. मग पोरी पळाल्या आणि पोट धरून खाली बसल्या.

"अरं, डोकं हाय का खोकं?" ताई ओरडल्या. "आधी पळवायचं, मग द्यायचं!"

"बरं ताई. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी ऊन तापलेलं. छोटी रिंकी माझ्याकडे आली. तिचे पाय लटपटत होते.

"काका, पानी दो."

"आधी पळ. मग देतो."

बिचारी पळाली. चार पावलांत भेलकांडली. ताईंनी धरली म्हणून वाचली.

"लेका गुंडू, मागंल त्याला लगीच द्यावं! न्हाई म्हणू नये!"

"बरं ताई. आता तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी मांडववाला तात्या आला. म्हणाला, "गुंडू, ह्ये खो-खोचे दोन खांब देतोस काय? लग्नाच्या मांडवाला कमी पडाल्यात." मागेल त्याला लगेच द्यायचं होतं. मी खांब स्वतः उपटले, धुतले आणि त्याच्या गाडीत नेऊन ठेवले.

थोड्या वेळाने ताई आल्या. "खांब कुठं हाईत?"

"लग्नाला गेलेत."

ताईंनी रिकामे खड्डे बघितले. मग म्हणाल्या, "फुडं कुणी परका आला तर दारातनंच वाटंला लाव! आत म्हणून घ्यायचा न्हाई!"

"बरं ताई. आता तसंच करतो."

चौथ्या दिवशी मी फाटकात काठी आडवी धरून उभा राहिलो. एक माणूस आला. डोळे लाल, केसांत कापसाचा भुगा.

"कोण तुम्ही?"

"सुबासिनी का बाप."

"गाव कुठलं?"

"ओडिशा."

"म्हणजे परके. चला, वाटेला लागा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वळले आणि गेले. दहा वर्षं या गावाचं कापड विणलेला माणूस, आणि मी त्याला परका म्हणालो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते मागे वळल्यावर. चौकोनात बसलेली सुबासिनी सगळं बघत होती. ती उठली नाही, कारण खो मिळाला नव्हता. तशीच बसून रडत होती. मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

ताई स्वतः प्रधानभाऊंच्या खोलीवर गेल्या, माझ्या वतीने हात जोडले. तालुक्याचा सामना बघायला ते कसेबसे तयार झाले. परत आल्यावर ताईंनी मला समोर उभं केलं.

"परका न्हाई त्यो. आपला माणूस हाय. आता आला की हाताला धरून आत आणायचा, आन् आपल्या पोरींच्यात नेऊन बसवायचा. कळलं?"

"बरं ताई. आता तसंच करतो."

तालुक्याच्या गावी सामना सुरू झाला. आमच्या मुली पाठलागावर. प्रधानभाऊ जरा उशिरा आले, रात्रपाळी करून. मी धावत गेलो, त्यांना हाताला धरलं आणि मैदानात आणलं. पंच पळणाऱ्या मुलीकडे बघत होते. मधल्या पाटीवर आमच्या रिंकी आणि लिपिका या दोघी मुलींमध्ये मोकळी जागा होती. मी प्रधानभाऊंना तिथे बसवलं.

"यहाँ?" ते म्हणाले.

"हो. आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही."

सुबासिनी वाऱ्यासारखी आली. तिला समोर पाठ दिसली. कुणाची ते बघायला वेळ नव्हता. तिने थाप मारली. "खो!"

प्रधानभाऊ उठले. रात्रभर मागांमधून धावत तुटलेले धागे बांधणारा माणूस तो. त्यांनी समोरची एक मुलगी टिपली. दुसरी टिपली. तिसरीच्या मागे लागले तेव्हा पंचांच्या लक्षात आलं की या खेळाडूला मिशा आहेत.

पंचांनी आमचा अख्खा संघ त्या सामन्यातून बाद केला. ताईंनी कपाळावर हात मारला. पण प्रधानभाऊ पंचांना सोडायला तयार नव्हते.

"आउट थी वो! मैंने छुआ! हमारी लड़कियों पे अन्याय करते हो?"

सुबासिनी आधी लाजली, मग हसत सुटली. प्रधानभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धापा टाकत पंचांना विचारलं, "अगला मॅच कब है? सुबासिनी खेलेगी."

"रविवारी. इथंच," पंच म्हणाले. "पण तुम्ही नाही खेळायचं."

ताईंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांना मी दिसलो.

"गुंडू, आता तू काय बी करू नगंस. हितं गप बसून ऱ्हा!"

"बरं ताई. आता तसंच करतो."

मी जवळच्या चौकोनात बसलो, तोंड भिंतीकडे करून. मागे टेंपोत मुली चढल्या. प्रधानभाऊ दुसरी मुलगी कशी टिपली ते परत परत सांगत होते. त्या गडबडीत टेंपो गेला. माझी आठवण कुणालाच झाली नाही.

मैदानाचा शिपाई आला. समोरून आला. खांदा हलवून म्हणाला, "अहो, उठा. फाटक लावायचंय." पण पुढून लावलेला हात. तो खो नाही.

हे सगळं मी चौकोनात बसूनच सांगतोय. रविवारी ते येतीलच. तोवर तुमच्यापैकी कुणी इकडून जाणार असेल, तर कृपा करून या.

पण मागून या.